पैलवान मैदान सोडतो तेव्हा : बेळगाव-निपाणी सीमाभागातील मल्लांचे जगणे

जत्रेचा दिवस असतो. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात लाल मातीचे मैदान तयार झालेले असते. हलगी कडाडू लागते आणि पहिल्या कुस्त्या सुरू होतात त्या लहान मुलांच्या. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. ऊन कलते तसे जोड मोठे होत जातात, इनामाचे आकडे वाढतात आणि दिवेलागणीच्या सुमारास पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. त्याआधी काही मिनिटे निवेदक एका वयस्क माणसाचे नाव पुकारतो. कान चुरगळलेले, चाल गुडघ्यात अडखळणारी. त्याला फेटा बांधला जातो, नारळ दिला जातो, त्याने कोणे एके काळी कोणाला कोणत्या डावावर चीत केले याची आठवण सांगितली जाते. टाळ्या होतात. तो पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसतो आणि मैदान पुढच्या जोडीकडे वळते.

बेळगाव, येळ्ळूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात असे दृश्य दर हंगामात दिसते. त्या वयस्क माणसाचे त्या टाळ्यांनंतर काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उमेदीची पंधरा-वीस वर्षे शरीर हेच भांडवल म्हणून वापरल्यानंतर त्याच्याकडे काय उरते? आजारपणात त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? राज्य शासन त्याला ओळखते का, आणि ओळखत असेल तर कोणत्या राज्याचे शासन?

गोव्यातील वाचकाला हा प्रश्न अगदीच अनोळखी नाही. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तीन नामांकित क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा फुटबॉलपटूंच्या भवितव्याची चर्चा गोव्यात घरोघरी झाली. चोर्ला घाट ओलांडून बेळगावात शिरले की हाच प्रश्न वेगळ्या वेशात भेटतो. तिथे त्याने लंगोट घातलेला असतो.

या मातीत कुस्ती रुजली कशी?

कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थाने एकमेकांच्या शेजारी होती आणि मल्ल पदरी बाळगणे हा संस्थानांचा मान समजला जाई. या आश्रयाला खरी दिशा दिली ती राजर्षी शाहू महाराजांनी. त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या मैदानाची रचना अशी, की कुठेही बसलेल्या प्रेक्षकाला मधला आखाडा विनाअडथळा दिसावा. उत्तरेतील नामवंत मल्ल कोल्हापुरात आले, त्यांच्यासोबत डाव आले, खुराकाच्या पद्धती आल्या. त्या काळी राज्यांच्या आजच्या हद्दी अस्तित्वात नव्हत्या. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत जाई, तसाच कोल्हापूरकडचा मल्ल बेळगावच्या मैदानात उतरे. बेळगावातील आनंदवाडीचा आखाडा, येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतील कुस्त्या ही आजही जिवंत असलेली त्या परंपरेची ठिकाणे. मराठीत जिला तालीम म्हणतात तिला कन्नडमध्ये गरडी मने म्हणतात. शब्द दोन असले तरी आतली माती, आतला हनुमान आणि आतली शिस्त एकच.

या पट्ट्याने देशाला दिलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे श्रीपती खंचनाळे. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातले एकसंबा हे त्यांचे गाव. कुस्ती शिकण्यासाठी ते कोल्हापुरात आले, शाहूपुरी तालमीत घडले आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंग यांना हरवून पहिले हिंदकेसरी झाले. या तारखांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्यासह एकसंबा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. कोल्हापूर तेव्हा मुंबई राज्यात होते. महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० ची. म्हणजे देशातील पहिला हिंदकेसरी जन्मगावाने एका राज्याचा आणि तालमीने दुसऱ्या राज्याचा होता, आणि ज्या राज्याने पुढे त्याचा अभिमान बाळगला ते त्या दिवशी जन्मालाही आले नव्हते.

खंचनाळे यांचे आयुष्य कोल्हापुरातच गेले. मैदान सोडल्यावरही त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या मल्लांना मार्गदर्शन केले. १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. हिंदकेसरीचा किताब, कोल्हापूरसारखे कुस्तीवर प्रेम करणारे शहर आणि लोकांच्या तोंडी असलेले नाव या तीन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. याच वाटेने घर सोडलेल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला यांतली एकही गोष्ट येत नाही.

खुराकाचे गणित

मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना तालमीत दाखल होतो. पहाटे चारच्या सुमारास दिवस सुरू होतो. जोर, बैठका, सपाटे, आखाडा उकरणे, मग लढत. दुपारी विश्रांती आणि सायंकाळी पुन्हा मेहनत. वस्तादाचा शब्द अखेरचा. ब्रह्मचर्य, व्यसनापासून दूर राहणे, लवकर झोपणे ही व्रते कडक. शाळा हळूहळू मागे पडते. दहावीनंतर शिक्षण थांबलेले मल्ल कोणत्याही तालमीत सहज आढळतात.

या दिनक्रमाला जे लागते त्याला खुराक म्हणतात. दूध, तूप, बदाम, थंडाई, अंडी, मटण, फळे. सामान्य शेतकरी कुटुंबात चार-पाच माणसांच्या जेवणावर जेवढा खर्च होतो, तेवढा किंवा त्याहून अधिक एका वाढत्या पैलवानावर होतो. घरची म्हैस असेल तर दुधाचा प्रश्न सुटतो, बदामाचा सुटत नाही. म्हणूनच एका घरात दोन भाऊ असतील तर एकाने तालमीत जायचे आणि दुसऱ्याने शेत सांभाळायचे, अशी वाटणी जुन्या काळापासून होत आली. पैलवान झालेल्या भावाच्या कीर्तीमागे शेतात राबलेल्या भावाची वर्षे असतात. घरातल्या स्त्रियांच्या ताटातले दूध-तूपही त्याच्याच वाटीत गेलेले असते. हे ऋण मनावर घेऊन तो मैदानात उतरतो.

उत्पन्नाची बाजू याच्या नेमकी उलट, अनिश्चित. पिके हाती आल्यावर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. या काही महिन्यांत जेवढी मैदाने मारता येतील तेवढी मारायची आणि त्यावर वर्ष काढायचे. इनाम ठरते ते यात्रा कमिटी, गावातील देणगीदार आणि मल्लाचे नाव यांवर. जिंकणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते, कुस्ती बरोबरीत सुटली तर ती विभागली जाते. लेखी करार नसतो. गुडघा निखळला तर पुढची सगळी मैदाने जातात आणि त्यांची भरपाई कोणी देत नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूकडे निदान करारपत्र असते, दुखापतीच्या काळातील वेतनाचा दावा तरी त्याला करता येतो. जत्रेतल्या मल्लाकडे फक्त पुढच्या जत्रेचे निमंत्रण असते.

ही व्यवस्था किती नाजूक आहे ते २०२० आणि २०२१ मध्ये दिसले. महामारीमुळे जत्रा बंद झाल्या, तालमींना कुलपे लागली. त्याआधी ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील नदीकाठची गावे उद्ध्वस्त केली होती. पाठोपाठ आलेल्या या आपत्तींनी मल्लांचे हंगाम बुडाले. कमावण्याची वर्षेच मुळात दहा-बारा, त्यातली दोन-तीन अशी गेली तर ती परत येत नाहीत. पंचविशीतला कारकून दोन वर्षांनंतर पुन्हा कामावर रुजू होऊ शकतो. पंचविशीतल्या मल्लाची ताकद मात्र कोणासाठी थांबत नाही.

शरीर काय हिशेब मागते?

पैलवानाची ओळख सांगणारे चुरगळलेले कान हा खरे तर एका दुखापतीचा व्रण आहे. सततच्या घर्षणाने आणि माराने कानाच्या कूर्चेवरील आवरण सुटते आणि मधल्या जागेत रक्त साठते. कूर्चेला पोषण या आवरणातून मिळत असते. ते तुटले की कूर्चा मरते, आकसते आणि कान कायमचा वेडावाकडा होतो. साठलेले रक्त पहिल्या काही दिवसांत वैद्यकीय पद्धतीने काढले आणि वरून दाब दिला तर हे टळू शकते. पण तालमीत तो कान म्हणजे मानाचे चिन्ह. त्यासाठी दवाखान्यात जाणे कमीपणाचे वाटते.

कानाने फक्त रूप बिघडते. मान, खांदा आणि गुडघा यांनी संसार बिघडतो. ढाक, पुट्ठी, लपेट अशा डावांत समोरच्याचे पूर्ण वजन एका क्षणी एका सांध्यावर येते. मातीच्या आखाड्यात मेहनत करून मॅटवर स्पर्धा खेळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. माती पायाला सरकू देते, मॅट पाय धरून ठेवते. पाय जागीच राहिला आणि शरीर वळले की गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याची शक्यता वाढते. अशा दुखापतीनंतर शस्त्रक्रिया आणि अनेक महिन्यांचा शिस्तबद्ध व्यायाम लागतो. खेड्यातला मल्ल अनेकदा हाडवैद्याकडून पट्टी बांधून घेतो, वेदनाशामक गोळ्या घेतो आणि पुढच्या मैदानात उतरतो, कारण ते मैदान चुकवणे त्याला परवडत नाही.

वजनगटाच्या स्पर्धांनी आणखी एक संकट आणले. वजन उतरवण्यासाठी पाणी तोडणे, घाम काढणे, उपाशी राहणे हे प्रकार कुस्तीत जगभर चालतात. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट यांचे वजन १०० ग्रॅमने अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. त्यांच्यासोबत वैद्यक होते, आहारतज्ज्ञ होते, प्रशिक्षक होते. असे कोणीही सोबत नसलेला जिल्हा पातळीवरचा अठरा वर्षांचा मुलगा स्पर्धेच्या आदल्या रात्री वजन उतरवण्यासाठी शरीराचे काय करतो, याची कल्पना त्यावरून करता येईल.

खरी कसोटी मात्र मैदान सुटल्यावर लागते. मेहनत थांबते, भूक थांबत नाही. रोज हजारो जोर-बैठकांत जळणारे अन्न आता अंगावर साठू लागते. पोट सुटते, रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका वाढतो, जीर्ण गुडघ्यांवर वाढत्या वजनाचा भार पडतो. गुडघे दुखतात म्हणून चालणे कमी होते आणि चालणे कमी झाले म्हणून वजन वाढते. या चक्रातून बाहेर पडायचे तर खुराक टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि हलका व्यायाम सुरू ठेवणे आवश्यक असते. खुराक वाढवायला शिकवणारे वस्ताद प्रत्येक तालमीत असतात. तो उतरवायला शिकवणारा क्वचितच भेटतो.

नाव उरते, काम उरत नाही

एकदा पैलवान म्हटले की माणूस आयुष्यभर पैलवान राहतो. साठीतही गल्लीत त्याला याच नावाने हाक मारतात. या हाकेत आदर असतो, पण तिच्यात एक अडचणही असते. पैलवानाने हमाली कशी करायची? पैलवानाने उसने कसे मागायचे? पैलवानाने मन खचल्याचे कोणाला सांगायचे? शरीराने हरलेला मल्ल या नावाच्या धाकाने गप्प बसतो. भरीस भर म्हणून पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते, हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. शिक्षण अर्धवट राहिलेले असल्याने त्याला उत्तर देण्याचा आत्मविश्वासही नसतो.

ही घुसमट फक्त कुस्तीतली नाही. फिफप्रो या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेळत असलेल्या ३८ टक्के आणि निवृत्त झालेल्या ३५ टक्के फुटबॉलपटूंनी नैराश्य किंवा चिंतेची लक्षणे असल्याचे सांगितले होते. गंभीर दुखापतींना वारंवार सामोरे गेलेल्या खेळाडूंमध्ये हे प्रमाण अधिक आढळले. ज्यांना संघ आहे, डॉक्टर आहे, संघटना आहे, त्यांची ही अवस्था. सीमाभागातील मल्लांची अशी मोजणी करणारे कोणी नाही. त्यांच्या मनाची नोंद घरातल्या माणसांपलीकडे कुठे होत नाही.

मैदानानंतरच्या वाटा ठरलेल्या आहेत. नशीब असेल तर पोलीस, सैन्य किंवा रेल्वेतील नोकरी. त्या खालोखाल साखर कारखान्यातील काम. काही जण दुधाचा व्यवसाय करतात, काही वाहन चालवतात, काही रखवालदार होतात, काही स्वतःची तालीम काढतात. शरीराच्या दराऱ्याचा उपयोग करून घेणाऱ्यांचीही कमतरता नसते. निवडणुकीतील मिरवणुकीपासून जमिनीचा ताबा घेण्यापर्यंत अनेक कामांना मोठ्या छातीची माणसे हवी असतात. त्या वाटेला गेलेल्या मल्लामुळे साऱ्या तालमीचे नाव खराब होते, म्हणून जाणते वस्ताद मुलांना तिच्यापासून दूर ठेवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतात.

खाशाबांचा धडा

यशाच्या शिखरावर पोहोचलेल्याचीही या कहाणीतून सुटका नसते, हे खाशाबा जाधव यांच्या आयुष्यावरून दिसते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते आणि त्यानंतर दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगेतून त्यांची मिरवणूक निघाली. प्राचार्यांचे ऋण फेडण्यासाठी त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तीवेतनासाठीही त्यांना झगडावे लागल्याचे सांगितले जाते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशकाहून अधिक काळाने.

या आयुष्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. त्यांना पुढे नेले ते माणसांनी, एका प्राचार्याने आणि पंचक्रोशीतल्या लोकांनी. पुढे त्यांचा संसार टिकला तो नोकरीमुळे, आणि त्या नोकरीला शिक्षणाचा आधार होता, कारण खाशाबा महाविद्यालयात शिकलेले मल्ल होते. पदकाने त्यांना मान दिला, पण घर चालवले ते पगाराने.

जत्रेतला विजय कागदावर का उरत नाही?

संस्थाने विलीन झाली आणि आश्रयदाता बदलला. राजाला मल्लाची कुस्ती स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असे. गावालाही दिसते. शासनाला ती कागदावर दिसावी लागते. आजच्या माजी मल्लांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका बदलात आहे.

महाराष्ट्र शासन माजी मल्लांना मासिक मानधन देते. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या समारोपात त्यात वाढ जाहीर झाली. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी यांसारख्या किताबांच्या मानकऱ्यांचे मानधन ४००० वरून १५००० रुपये आणि वयोवृद्ध मल्लांचे २५०० वरून ७५०० रुपये करण्याची ती घोषणा होती. कर्नाटकातही माजी पैलवानांसाठी मासाशनाची योजना आहे. अशा योजनांचा पाया एकच असतो : अधिकृत स्पर्धेतील यशाचा पुरावा आणि राज्यातील रहिवासाचा दाखला.

सीमाभागातला मल्ल या दोन्ही ठिकाणी अडखळतो. त्याचे उभे आयुष्य जत्रेच्या मैदानांत गेलेले असते. तिथे त्याने शंभर कुस्त्या जिंकल्या असतील, पण यात्रा कमिटी प्रमाणपत्र देत नाही. ती फेटा बांधते, नारळ देते, रोख इनाम देते, फार तर चांदीची गदा देते. पाहणाऱ्यांच्या आठवणीत ती कुस्ती तीस वर्षे राहते, सरकारी फायलीत एक दिवसही राहत नाही. पाहणारी पिढी संपली की पुरावाही संपतो.

रहिवासाची अडचण त्याहून गुंतागुंतीची. घर निपाणीकडे, तालीम कोल्हापुरात, मैदाने दोन्ही राज्यांत. हद्द या भागात किती जवळून जाते याचे साधे उदाहरण म्हणजे निपाणीच्या मुलांना जवळचे असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय. ते महाराष्ट्रात, कागल तालुक्यात आहे. मुलगा चालत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिकायला जातो, पण त्याचा दाखला मात्र एकाच राज्याचा असतो. जो मल्ल कोल्हापूरच्या तालमीतर्फे लढला त्याची कामगिरी महाराष्ट्राच्या खात्यावर आणि शिधापत्रिका कर्नाटकाची. एका कार्यालयात त्याला कामगिरी कुठली ते विचारतात, दुसऱ्या कार्यालयात पत्ता कुठला ते विचारतात.

आजारपणातही हेच घडते. या पट्ट्यातील रुग्ण मोठ्या उपचारांसाठी सोयीनुसार बेळगावला किंवा कोल्हापूरला जातो. महाराष्ट्राने आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयीन तारखा पुढे सरकत राहतात. गुडघ्याचे दुखणे मात्र तारखेची वाट पाहत नाही.

काय करता येईल?

या प्रश्नाची सगळी उत्तरे राजधान्यांत नाहीत. काही गावातच आहेत.

पहिले उत्तर नोंदीचे. प्रत्येक यात्रा कमिटीने मैदानाच्या दिवशी एक नोंदवही ठेवावी. कोणाची कोणाशी कुस्ती झाली, किती मिनिटांत, कोणत्या डावावर निकाल लागला, इनाम किती, पंच कोण, हे त्यात लिहावे आणि विजेत्याला कमिटीच्या शिक्क्यानिशी प्रमाणपत्र द्यावे. मंडप, हलगी आणि फेट्यांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. असे प्रमाणपत्र आज लगेच मानधन मिळवून देणार नाही. पण उद्या जत्रेतल्या मल्लांसाठी एखादी योजना मागायची झाली, तर मागणीला आधार लागेल तो अशाच कागदांचा. जुन्या मल्लांकडची छायाचित्रे, जत्रेची छापील पत्रके, वर्तमानपत्रांची कात्रणे घरातल्या तरुणांनी आताच एकत्र करून ठेवणेही तितकेच गरजेचे.

दुसरे उत्तर विम्याचे. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचे अपघात संरक्षण मिळते. पण ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, फाटलेल्या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेसाठी नाही. म्हणून लाखोंचे इनाम लावणाऱ्या मोठ्या मैदानांनी त्या दिवसापुरता तरी मल्लांचा वैद्यकीय विमा उतरवावा आणि आखाड्याजवळ डॉक्टर व रुग्णवाहिका ठेवावी. इनामाच्या फलकावर देणगीदाराचे नाव असते, तसे विम्याचा हप्ता भरणाऱ्याचेही असू शकते.

तिसरे उत्तर शिक्षणाचे. पहाटेची आणि सायंकाळची मेहनत सांभाळून शाळा पूर्ण करता येते. मुलाला तालमीत घेताना शाळा सुटणार नाही ही अट वस्तादांनी घातली, तर पालकांनाही ती मोडता येणार नाही, कारण वस्तादांचा शब्द गावात चालतो. पोलीस आणि सैन्याच्या भरतीत अंगातल्या ताकदीआधी दहावी-बारावीचे गुणपत्रक पाहिले जाते.

चौथे उत्तर सहकाराचे. कागलचा छत्रपती शाहू साखर कारखाना मल्लांसाठी स्पर्धा भरवतो आणि विजेत्यांना मानधन देतो. हे गाव निपाणीच्या शेजारचे. सीमेच्या अलीकडेही साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, दूध संघ आहेत. वाढत्या मल्लाला खुराकासाठी आणि थकलेल्या मल्लाला औषधासाठी दरमहा ठरावीक रक्कम देणे या संस्थांना अशक्य नाही. संस्थानिकांची जागा या भागात कोणी घेतली असेल तर ती सहकारी संस्थांनीच. त्या जागेबरोबर आश्रयाची जबाबदारीही आली आहे.

दोन्ही राज्यांच्या क्रीडा खात्यांनी एकत्र बसून सीमाभागातील माजी मल्लांची एक यादी करणे हे पाचवे उत्तर. त्यासाठी सीमाप्रश्न सुटण्याची गरज नाही. मल्ल कोणत्या राज्याचा हे ठरवण्यापूर्वी तो मल्ल होता एवढे मान्य केले, तरी निम्मे काम होते.

एकसंब्याच्या मुलाने १९५९ मध्ये दिल्ली जिंकली, तेव्हा त्याला गाव कोणत्या राज्यात आहे हे विचारून कोणी मागे वळवले नव्हते. आज त्याच पट्ट्यातील मुले पहाटे उठून आखाडा उकरत आहेत. यंदाच्या हंगामात त्यांपैकी कोणी पहिल्या क्रमांकाची कुस्ती जिंकेल, त्याला फेटा बांधला जाईल. त्या फेट्याबरोबर गावाच्या शिक्क्याचा एक कागद त्याच्या हाती दिला गेला, तर तीस वर्षांनी एखाद्या कार्यालयाच्या दारात उभे असताना दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असेल.